शंकरपटाची बातमी : शर्यतीच्या मुद्रित वर्णनातील बैल आणि बोली

१. विषय आणि मर्यादा

शर्यतीचे वृत्तांकन हा विषय मराठी साहित्याच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. क्रीडापत्रकारितेचा किंवा फार तर समाजशास्त्राचा हा प्रांत, असा समज त्यामागे असतो. तथापि एखादा समाज आपल्या आवडीच्या प्रसंगाचे वर्णन कोणत्या भाषेत करतो, त्या वर्णनात कर्ता कोणाला मानतो आणि कोणाला वगळतो, हे प्रश्न भाषेचे व शैलीचे आहेत. लोकसाहित्याचा अभ्यास करताना आपण दंडार, खडीगंमत, पोळ्याच्या झडत्या यांची संहिता गोळा करतो. परंतु त्याच गावात, त्याच लोकांसमोर, ध्वनिक्षेपकावरून दिवसभर चालणाऱ्या शर्यतीच्या निवेदनाकडे आणि दुसऱ्या दिवशी छापून येणाऱ्या तिच्या बातमीकडे सहसा वळत नाही.

प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातील शंकरपट आणि त्याचे मुद्रित वर्णन यांचा विचार केला आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तरी पट आणि बोली यांच्या दृष्टीने हा सारा प्रदेश चंद्रपूर-गडचिरोलीच्या लगतच्या भागासह ‘झाडीपट्टी’ म्हणूनच ओळखला जातो. तुलनेसाठी मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील घोड्यांची शर्यत आणि पुणे परिसरातील बैलगाडा यांचा आधार घेतला आहे. पटाच्या इतिहासाची सविस्तर मांडणी करण्याचा येथे उद्देश नाही. पटाच्या बातमीत पट कितपत येतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

२. पट : स्वरूप

धानाची कापणी-मळणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या की झाडीपट्टीत पटाचे दिवस सुरू होतात. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी ठराविक अंतर किती वेगाने कापते, यावर निकाल ठरतो. काही पटांत दोन जोड्या समांतर वाटांवर एकाच वेळी सोडतात. काही ठिकाणी एकेक जोडी सोडून तिची वेळ सेकंदांत मोजतात. जोडी हाकणाऱ्यास विदर्भात ‘धुरकरी’ म्हणतात. पट ‘होत’ नाही, तो ‘भरतो’. बाजार, यात्रा आणि शाळा यांच्यासाठी जे क्रियापद योजतात तेच पटासाठी योजले जाते, ही गोष्ट सूचक आहे. पटाच्या निमित्ताने गावात दुकाने लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरीक जुळवण्याच्या गोष्टी निघतात आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीवरील नाटक रंगते. त्यामुळे ‘शर्यत’ हा शब्द पटाच्या एका अंगापुरताच लागू पडतो.

या प्रसंगाभोवती भाषेचे तीन स्वतंत्र व्यवहार चालतात : आधी वाटले जाणारे पत्रक, प्रत्यक्ष पटावरील निवेदन आणि नंतरची बातमी. या तिहींची तुलना करण्यापूर्वी शर्यतीच्या दुसऱ्या एका मुद्रित परंपरेचा विचार उपयुक्त ठरेल.

३. महालक्ष्मीचा घोडा

मुंबईतील घोड्यांच्या शर्यतीची संघटित परंपरा १८०२ पर्यंत मागे जाते. भायखळ्याहून ती महालक्ष्मीला आली आणि १८८३ पासून तेथील मैदान तिचे केंद्र झाले. १९१२ च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने शर्यतीच्या मैदानांना परवान्याची चौकट दिली. १९४३ पासून धावल्या जाणाऱ्या भारतीय डर्बीचे अंतर २४०० मीटर आहे. हा तपशील एवढ्याचसाठी की या शर्यतीच्या वर्णनात आकडा आणि नाव यांना आरंभापासून स्थान आहे. रेसकार्ड उघडले की घोड्याचे नाव, वय, रंग, त्याचे आईबाप, मालक, प्रशिक्षक, जॉकी, वाहावयाचे वजन आणि मागील शर्यतींतील क्रमांक इतकी माहिती एका घोड्याविषयी मिळते. मुंबई-पुण्याच्या मराठी दैनिकांनी रेसचे अंदाज आणि निकाल छापताना हीच पद्धत संक्षेपाने उचलली. त्या मजकुरात वाङ्मयीन गुण शोधू जाणे व्यर्थ आहे. मात्र त्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता घोडा असतो. घोडा आघाडी घेतो, मागे पडतो, शेवटच्या वळणावर उसळी मारतो.

या काटेकोरपणाचे मूळ प्राणिप्रेमात नाही, पैजेत आहे. पैसे लावणाऱ्याला घोड्याची पूर्वकामगिरी ठाऊक असावी लागते आणि म्हणून ती छापली जाते. या नोंदीला पुढे न्यायालयीन विचारातही जागा मिळाली, असे म्हणता येईल. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. घोड्याची पैदास, त्याचे प्रशिक्षण, जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो आणि त्यांचा अंदाज बांधणे हे केवळ नशीब नव्हे, अशी त्यामागील भूमिका होती. ज्या गुणांचा अंदाज बांधायचा ते वर्षानुवर्षे छापून ठेवलेले होते, ही बाब येथे दृष्टीआड करता येत नाही.

४. पत्रकाची भाषा

पटाचे पत्रक हा स्थानिक मुद्रणाचा एक ठसठशीत नमुना आहे. ‘भव्य इनामी शंकरपट’ हे शीर्षक, समितीचे नाव किंवा ‘समस्त गावकरी’, स्थळ, दिवस, इनामांची उतरती यादी, जोड्यांसाठी अटी आणि तळाशी रात्रीच्या नाटकाची जाहिरात, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. भाषा प्रमाण मराठीकडे झुकलेली, विशेषणांनी भारलेली आणि आवाहनाची असते. तरीही हे पत्रक बातमीपेक्षा पटाच्या अधिक जवळ असते, याचे कारण त्यातील अटी. जोडी केव्हा सोडली असे मानायचे, वाट सोडून गेलेल्या जोडीचे काय करायचे, निकालाविषयी वाद झाल्यास कोणाचा शब्द अंतिम, हे सारे अटींत येते. अटींच्या या वाक्यांत पटाचे व्यवहारशास्त्र साठविलेले आहे. दुर्दैवाने पट संपला की पत्रक रद्दीत जाते. नाटकाचे हँडबिल जपणारे हौशी लोक भेटतात. पटाचे पत्रक जपणारे फारच विरळा.

५. बातमीचा साचा

पटाची जी बातमी जिल्हा पुरवणीत छापून येते तिचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. अमुक गावी भव्य शंकरपटाचे आयोजन करण्यात आले. उद्घाटन अमुक यांच्या हस्ते झाले. अध्यक्षस्थानी अमुक होते. प्रमुख पाहुणे म्हणून अमुक, अमुक व अमुक उपस्थित होते. संचालन अमुक यांनी केले, तर आभार अमुक यांनी मानले. या मजकुरातील ‘शंकरपट’ हा शब्द काढून त्या जागी ‘रक्तदान शिबिर’ किंवा ‘समाजमंदिराचे लोकार्पण’ असे शब्द घातले तरी उरलेली बातमी जशीच्या तशी उभी राहते. प्रसंग बदलला तरी भाषा बदलत नाही, यावरून त्या भाषेचा प्रसंगाशी असलेला संबंध किती सैल आहे, ते लक्षात येते.

व्याकरणाच्या अंगाने पाहता या बातमीत दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली म्हणजे कर्मणि व अकर्मक रचनांचे प्राबल्य. ‘आयोजन करण्यात आले’, ‘बक्षिसे वितरित करण्यात आली’, ‘पट उत्साहात पार पडला’ या वाक्यांत क्रिया घडते, पण ती करणारा धूसर राहतो. दुसरी म्हणजे विशेषनामांची विषम वाटणी. उद्घाटकाचे नाव पदासह येते. विजयी जोडीच्या मालकाचे नाव आले तर शेवटच्या परिच्छेदात येते. धुरकऱ्याचे नाव क्वचित येते. बैलाचे नाव जवळजवळ येतच नाही. घरोघरी बैलाला नाव असते, पोळ्याच्या दिवशी त्या नावाने त्याला ओवाळतात. पण बातमीत तो ‘जोडी’ या समूहवाचक नामात विरून जातो. महालक्ष्मीच्या घोड्याला त्याच्या आजोबासकट ओळखणारे मुद्रित मराठी, झाडीपट्टीतल्या बैलाला निनावी ठेवते.

याचा दोष केवळ गावच्या वार्ताहराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याची मिळकत तुटपुंजी असते; बातमी पाठविण्याबरोबर अंक खपविणे आणि जाहिराती मिळविणे हीही कामे बहुधा त्याच्याकडेच असतात. ज्यांची नावे छापायची तेच वर्गणीदार आणि जाहिरातदार असतात. शिवाय उद्घाटन दिवसा होते, अखेरच्या फेऱ्या दिवस मावळता होतात आणि पुष्कळदा पट एकाहून अधिक दिवस चालतो. पान लावण्याच्या वेळेपर्यंत हाती असते ते उद्घाटन. निकाल हाती येतो तेव्हा बातमी शिळी झालेली असते. साचा असा परिस्थितीतून घडतो आणि पुढे सवयीने टिकतो.

येथे एक आक्षेप संभवतो. गावोगावच्या पटांचे अंतर, जमिनीचा पोत आणि वेळ मोजण्याची रीत सारखी नसते. तेव्हा महालक्ष्मीसारखे आकडे छापून काय साधणार? आक्षेप रास्त आहे. एका गावचे सेकंद दुसऱ्या गावच्या सेकंदांशी ताडून पाहता येत नाहीत. परंतु त्यामुळे आकड्यांची गरज संपत नाही. उलट त्यांच्यासोबत अंतर आणि वाटेचे वर्णन देण्याची गरज वाढते. पट जिंकलेल्या बैलाची बाजारातील किंमत वाढते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. म्हणजे कामगिरीचा हिशेब तोंडी पातळीवर काटेकोरपणे ठेवला जातो. तो छापला मात्र जात नाही.

६. ध्वनिक्षेपकावरील मराठी

बातमीत जे हरवते ते प्रत्यक्ष पटावर विपुल असते. निवेदक जोडीला गावाच्या आणि मालकाच्या नावाने पुकारतो, बैलांच्या रंगाची खूण सांगतो, मागील पटांची आठवण देतो, रेंगाळणाऱ्या धुरकऱ्याला टोमणा मारतो. जोडी सुटताक्षणी त्याच्या वाक्याची रचना पालटते. मराठीच्या स्वाभाविक पदक्रमात क्रियापद शेवटी येते; धावत्या वर्णनात ते पुढे सरसावते. ‘सुटली’, ‘निघाली’, ‘आली’ ही पदे आधी येतात आणि कर्ता मागाहून, कधी येतही नाही, कारण तो सर्वांच्या डोळ्यांसमोर धावत असतो. बातमीतील वाक्य ‘संपन्न झाला’ असे शेवटी येऊन स्थिरावते. निवेदनातील वाक्य क्रियापदापासूनच सुरू होते. एकाच प्रसंगाची ही दोन टोकांची वाक्यरचना शैलीविज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी अत्यंत उद्बोधक आहे.

या निवेदनातील बोलीचे स्वरूपही तितकेच महत्त्वाचे. झाडीबोलीच्या अभ्यासाला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या कार्यामुळे शास्त्रीय बैठक लाभली. या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो, हे सुपरिचित आहे. म्हणून पत्रकावरचा ‘शंकरपट’ बोलताना ‘संकरपट’ होतो आणि काळा बैल ‘कारा’ होतो. निवेदक आरंभीचे स्वागत प्रमाण मराठीत करतो, पाहुण्यांची नावे घेताना सरकारी मराठीकडे वळतो आणि जोडी सुटली की बोलीत येतो. भाषेची ही पातळी कोठे बदलते, याची नोंद केली तर त्या समाजाला कोणती गोष्ट औपचारिक वाटते आणि कोणती आपली वाटते, याचा नकाशाच हाती येईल.

मराठी क्रिकेटच्या बाबतीत असे काम होऊन गेले आहे. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून केलेल्या समालोचनाने क्रिकेटची मराठी परिभाषा लोकांच्या कानावर रुळविली आणि पुढे वृत्तपत्रांनी ती स्वीकारली. तोंडी निवेदनाकडून छापील मजकुराकडे जाणारा तसा पूल पटाला लाभला नाही. त्याचे निवेदन मैदानावरच विरून गेले.

७. बंदीचा काळ आणि नावाचा लोप

पट राज्याच्या मुखपृष्ठावर आला तो खटल्यामुळे. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास वा ज्यांना त्यासाठी शिकविण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यतींनाही मनाई केली. बैल हा ओझे ओढणारा प्राणी असून शर्यतीत धावण्यासाठी त्याची शरीररचना नाही, हा त्या निर्णयातील एक प्रमुख विचार होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने काढलेल्या सवलतीच्या अधिसूचनेला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. तीही न्यायालयीन प्रक्रियेत अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या दहा-बारा वर्षांतील मराठी वृत्तपत्रीय भाषेत एक बदल घडला. विषयाचे सर्वमान्य नाव ‘बैलगाडा शर्यत’ हे झाले. ‘बैलगाडा’ हा शब्द खेड, जुन्नर, आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांच्या परंपरेतला. तेथे धावण्याच्या जागेला ‘घाट’ म्हणतात, विजेत्या गाड्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, निवेदकाची ‘भिर्रर्र’ ही आरोळी तेथलीच. डिसेंबर २०२१ मधील परवानगीच्या मथळ्यांत ही ‘भिर्रर्र’ झळकली आणि ती साऱ्या महाराष्ट्राची आरोळी असल्याचे गृहीत धरले गेले. झाडीपट्टीचा पट, सांगली-कोल्हापूरकडील मैदाने, अलिबागच्या किनाऱ्यावरील बैलांच्या व घोड्यांच्या गाड्या या सर्वांची रीत वेगळी, शब्दकळा वेगळी. परंतु बातमीत त्या सर्व एका नावाखाली आल्या. राजधानीच्या आणि पुण्याच्या वृत्तकक्षांत जो शब्द हाताशी होता तो प्रमाण ठरला. भंडाऱ्याच्या वाचकाने आपल्या पटावरील बंदीची आणि परवानगीची बातमी दुसऱ्या प्रदेशाच्या शब्दांत वाचली.

याचे गांभीर्य २०२३ च्या निर्णयाच्या संदर्भात अधिक जाणवते. एखादी प्रथा संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे काय, यासाठी धार्मिक, सांस्कृतिक व सामाजिक अंगांचा सखोल अभ्यास लागतो आणि तो न्यायालयाने करावयाचा नाही; विधिमंडळाने केलेली पाहणी आम्ही बाजूस सारणार नाही, अशी भूमिका घटनापीठाने घेतली. म्हणजे अभ्यासाची गरज न्यायालयाने मान्य केली आणि तो इतरांवर सोपविला. असा अभ्यास उद्या कोणी करू म्हटले, तर झाडीपट्टीच्या पटाविषयी त्याला छापील पुरावा कोणता मिळेल? मुख्यतः उद्घाटकांच्या नावांची यादी.

८. न दिसणारा बैल

येथवरच्या विवेचनावरून हा लेख पटाची कैफियत मांडतो, असा ग्रह होऊ नये. प्राणिमित्रांनी न्यायालयासमोर मांडलेला तपशील, म्हणजे तुतारीने टोचणे, शेपटी पिरगाळणे, चाबकाचे वळ, हा खोटा म्हणून झटकता येत नाही. पुढील कायद्यात व नियमांत अशा गोष्टींना मनाई करावी लागली, यातच ते आले. प्रश्न असा की, इतकी वर्षे पटाच्या बातम्या छापल्या जात असताना हा तपशील मराठी वाचकाला त्या बातम्यांतून का कळला नाही? याचेही उत्तर त्याच साच्यात आहे. ज्या बातमीला बैल दिसत नाही, तिला त्याचा वेग दिसत नाही आणि त्याच्या पाठीवरचा वळही दिसत नाही. जो धुरकरी केवळ आवाजाने आणि कासऱ्याने जोडी काढतो आणि जो टोचून काढतो, त्यांच्यातील फरक मैदानावरच्या जाणत्या प्रेक्षकाला कळतो व त्याची वाहवा किंवा निंदाही तेथे होते. बातमीत दोघांसाठी वाक्य एकच : जोडीने प्रथम क्रमांक पटकाविला.

पुढे वादाच्या काळात बैल बातमीत आला, पण तो दोन ठराविक रूपांत. एका पक्षाच्या मजकुरात तो परंपरेचे प्रतीक झाला, दुसऱ्या पक्षाच्या मजकुरात बळी. ही दोन्ही रूपे अलंकारिक आहेत. चारा खाणारा, घाम गाळणारा, एखाद्या धुरकऱ्याचे ऐकणारा आणि दुसऱ्याचे न ऐकणारा विशिष्ट बैल दोन्हींत नाही. त्याची अचूक नोंद प्रथेच्या समर्थकालाही हवी आणि टीकाकारालाही. कारण तिच्यावाचून दोघांचाही युक्तिवाद शब्दांवरच उभा राहतो.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पटाची बातमी शर्यतीच्या बातमीच्या कुळातली नसून समारंभाच्या वृत्ताच्या कुळातली आहे. तिच्यात नावांचे स्थान सामाजिक मानाप्रमाणे ठरते, कामगिरीप्रमाणे नव्हे. पटाची खरी परिभाषा मौखिक निवेदनात आणि पत्रकातील अटींत आहे. मुद्रित मराठीने ती स्वीकारलेली नाही. आणि जेव्हा पट राज्यव्यापी चर्चेचा विषय झाला, तेव्हा या उणिवेमुळे दुसऱ्या प्रदेशाची परिभाषा त्याच्यावर चढली.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि महाविद्यालयीन अध्यापकांना या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांतील गावांतून जुनी पत्रके मिळवून त्यांतील अटींचे तुलनात्मक वाचन करता येईल. निवेदनाचे ध्वनिमुद्रण करून ते उच्चारानुसार, बोलीचे ‘र’ आणि ‘न’ न सुधारता, उतरून घ्यावे लागेल. वयोवृद्ध धुरकऱ्यांकडून बैलांचे रंग, खोडी, चाल, जुंपणी यांसाठीचे शब्द गावागणिक टिपावेत. २०१४ ते २०२१ या खंडात जे तरुण वाढले त्यांना यांतील किती शब्द ठाऊक आहेत, तेही तपासून पाहावे. जिल्हा पुरवण्यांतील २०१४ पूर्वीच्या आणि २०२१ नंतरच्या बातम्या शेजारी ठेवून साचा कितपत बदलला, याची मोजदाद हा एका लघुप्रबंधाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल.

पट भरण्याचे दिवस धानाच्या मळणीनंतर येतात आणि त्या वेळी महाविद्यालयांचे दुसरे सत्र चालू असते. ज्या वर्गात झडत्यांची संहिता शिकविली जाते, तेथील अर्धेअधिक विद्यार्थी पट भरणाऱ्या गावांतूनच येत असतात. संकलनाचा प्रारंभ त्यांच्या वह्यांपासून होऊ शकेल.